माझ्या जबाबदारीवर: वरवट बकाल ते धाड

सकाळी सहाला मी आवरून बाहेर आले तेव्हा बाबांनी गाडी सुरू करून ठेवली होती. हे रोजचंच. गाडी घेऊन दोन महिने झाले. उभ्या गाडीची बॅटरी उतरते असं कुणीतरी बाबांना सांगितलं आणि तेव्हापासून ते रोज उजाडता उजाडता टिनाच्या शेडमध्ये जातात, किल्ली फिरवतात आणि दहा-पंधरा मिनिटं इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहतात. त्यांना गाडी चालवता येत नाही. शेडच्या अर्ध्या भागात यंदा वेचलेला कापूस, पार छताला टेकलेला. उरलेल्या अर्ध्यात माझी पांढरी गाडी. घरातल्या दोन्ही किमती वस्तू एका कुलपात असाव्यात, हे बाबांचं मत.

गाडी जुनीच आहे, एका डॉक्टरांनी वापरलेली. पण आमच्या घरी याआधी आलेलं सगळ्यात मोठं वाहन म्हणजे बंडी (बैलगाडी). घरातली पहिली पदवी माझी, पहिलं लायसन माझं आणि पहिली मोटारही माझी. हे मी मिरवूनच सांगते. बी.एस्सी. करून शेगावच्या एका प्रयोगशाळेत माती तपासायचं काम करते, त्या पगारातून घेतली आहे.

जायचं होतं धाडला, आईच्या माहेरी. मामाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. आमचा जिल्हा घाटानं दोन मजली करून ठेवलाय. आम्ही खालच्या मजल्यावरचे, मामा वरच्या. तीस वर्षं आई माहेरी गेली ती एसटी बदलत बदलत, आणि बुलढाण्यापासून पुढे जीपमध्ये कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून. मला बुलढाण्याच्या कॉलेजात घातलं तेव्हा मामा म्हणाला होता, "पोरीले शिकवून कोनती मोटर उभी राहीन तुह्या दारात?" आई ते विसरली नव्हती. तिला आज एकच गोष्ट पाहिजे होती. दुपारच्या पंगतीआधी माझी मोटार मामाच्या दारात उभी राहायला हवी.

"सांभाळून जाजो," बाबा म्हणाले. ते आले नाहीत. कापूस वेचायला मजूर येणार होते.

शेगावात आम्ही गरम कचोरी घेतली. आईनं एक खाल्ली आणि दोन पदराखाली ठेवल्या, मामासाठी. खामगावकडे निघालो तर रस्त्यावर कापसाच्या गाड्याच गाड्या. ताडपत्रीतून सुटलेला कापूस दोन्ही बाजूंच्या बाभळींवर अडकलेला होता. आई काच खाली करून प्रत्येक गाडीकडे शेतकऱ्याच्या नजरेनं बघत होती. "हे पाय, ओला भरला यायनं. भाव कापतीन." मला तिचं ते बोलणं ऐकत गाडी चालवायला फार बरं वाटलं.

खामगाव सोडलं आणि बोथ्याचा घाट लागला. दोन्ही अंगाला सागाचं जंगल, मधूनच माकडं, वळणावर सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया. तिसऱ्या-चौथ्या वळणावर माझं लक्ष समोरच्या काट्याकडे गेलं. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकत होता. मी गाडी कडेला घेतली. बॉनेटखालून गरम वास यायला लागला.

आई पदराखालच्या कचोऱ्या सावरत उतरली आणि सागाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. 

अर्ध्या तासानं वर जाणारी एक जीप थांबली. ड्रायव्हर उतरला, बॉनेटजवळ हात धरून बघितला. "झाकन खोलू नका बरं ताई, तोंडावर येईन वाफ. थंडी झाली की पानी टाका, एसी बंद करा अन् हिटर लावा फुल्ल."

"हिटर?"

"हाव. इंजिनाची गरमी तुमी खाऊन घ्या. बुलढान्यापर्यंत पोचान मंग."

त्याचं शास्त्र बरोबर होतं, मला पटलं. आईला नाही पटलं. काचा उघड्या, हिटर चालू, आणि मागे ती घामाघूम. "तुह्या मामाच्या घरी पोचाच्या आधीच शिजवतं का मले?" सीताफळवालीकडून घेतलेल्या पाच सीताफळांपैकी दोन घाट संपेपर्यंत मऊ झाली होती.

साडेनवाच्या सुमारास बुलढाण्यात पोचलो. गाडी ज्या कंपनीची, त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मी नेली. विकताना डॉक्टरांनी बजावलं होतं, बाहेर कुठे दाखवू नका. चकचकीत फरशी, थंड हवा, थंड पाण्याची बाटली. आई सोफ्याच्या अगदी टोकावर बसली. टाय लावलेल्या एका पोरानं माझी माहिती संगणकात भरली.

"मॅडम, पत्ता?"

"वरवट बकाल."

"हे कुठे आलं?"

"तुमच्याच जिल्ह्यात," मी म्हणाले.

गाडी काचेपलीकडे गेली. काचेवर पाटी होती: ग्राहकांना आत प्रवेश नाही. पाऊण तासानं एक कागद आला. रेडिएटर बदलणे, वॉटर पंप बदलणे, थर्मोस्टॅट बदलणे, पाइप बदलणे. सामान अकोल्याहून येणार, गाडी तीन दिवस ठेवावी लागणार. खालचा आकडा माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा.

"या चारांपैकी बिघडलंय नेमकं काय?" मी विचारलं.

"मॅडम, ओव्हरहीटला पूर्ण सेट बदलतात. कंपनीची पद्धत आहे."

"मग काढलेले जुने पार्ट मला दाखवाल?"

"जुने पार्ट ग्राहकाला दाखवत नाही. ते इथेच जमा होतात."

मी रोज माती तपासते. शेतकरी येतो आणि म्हणतो, पीक पिवळं पडलं. म्हणून मी त्याला दुकानातली सगळीच खतं लिहून देत नाही. आधी नमुना बघते. इथं माझ्या गाडीचा नमुना कुणी बघितला होता, हे मला काचेमागून कळत नव्हतं.

तेवढ्यात मामाचा फोन आला. आईनं आवाज मोठा केला. "कुठी अटकल्या गं? घाटात कोनं तरी पाह्यलं म्हने, गाडी बंद पडली? म्या जीप पाठवतो. त्या डबड्याले राहू दे तिथंच."

आई सोफ्यावरून उठली. "जीप पाठवू नको. आमी आमच्या गाडीनं येऊन राह्यलो." आणि तिनं फोन बंद केला.

मी गाडी परत मागितली. टायवाल्यानं एक फॉर्म पुढे केला: सुचवलेली दुरुस्ती न करता मी वाहन माझ्या जबाबदारीवर नेत आहे. त्याला वाटलं असेल मी कचरेन. मी पूर्ण नाव मराठीत लिहिलं, त्यापुढे बी.एस्सी. लिहिलं आणि एक प्रत मागून घेतली.

धाडच्या रस्त्याला गाव संपता संपता सुखदेव मिस्त्रींचं गॅरेज आहे. एक निंब, त्याखाली बसायला लाकडी पाटा, टायरांची चळत. पत्ता रसवंतीवाल्यानं दिला. मिस्त्री पन्नाशीचे, चष्म्याला दोरी बांधलेली. दुरुस्तीच्या यादीचा कागद त्यांनी वाचला, घडी करून मला परत दिला आणि गाडीला हातही न लावता विचारलं, "ताई, गाडी रात्री कुठी उभी राह्यते?"

"घरी. शेडमध्ये."

"शेडात अजून काय हाय?"

"कापूस."

"अन् तिथंच चालू करता?"

"बाबा करतात. रोज, दहा-पंधरा मिनिटं."

मिस्त्री हसले नाहीत, पण त्यांची मिशी हलली. "इकडं या. हात घाला इथून." त्यांनी मला बॉनेटखाली वाकायला लावलं. समोरून बघावं तर जाळी एकदम स्वच्छ. पण ती एसीची जाळी. इंजिनाची तिच्या मागे. त्या दोघींच्या फटीत माझी बोटं कशाततरी मऊ रुतली. मिस्त्रींनी वरची पट्टी सोडली, समोरची जाळी थोडी पुढे घेतली आणि आतून चिमट्यानं ओढत ओढत एक करडी गोधडी बाहेर काढली. चांगली हातभर लांब.

आई पुढे झाली. बोटांत धरून तिनं ती चोळली. "बाई माय! हे त आपलाच कापूस हाय!"

पंखा हवा आत ओढतो. दोन महिने रोज सकाळी बाबा शेडमध्ये इंजिन चालू ठेवत होते आणि पंखा हवेतले कापसाचे तंतू ओढून घेत होता. आणि गाडी तिथे उभी करायला होकार कुणी दिला होता? विज्ञानाच्या पदवीधर बाईनं. मिस्त्रींसमोर मला मान खाली घालावी लागली, ती तेवढीच.

"काऊन लाजता?" ते म्हणाले. "घाटाखालच्या गाड्या दर हंगामात येतात माह्याकडं. गाडी कुठी उभी राह्यते, येवढंच पुसा लागते मले."

हवेच्या पाइपानं त्यांनी जाळी आतून बाहेर फुंकली, पाणी भरलं, अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. काटा मधोमध येऊन बसला तो हललाच नाही. मग ते म्हणाले, "हा एअरबॅगचा लाल दिवा जळून राह्यला, हे माह्यं काम नाही. त्याची मशीन माह्यापाशी नाही. ते तिकडंच दाखवा, येतानी. याच्यात हुशारी करू नका."

मजुरी त्यांनी सांगितली तेव्हा आईनं आपणहून उरलेली तीन सीताफळंही पाट्यावर ठेवली. ती गोधडी मी पिशवीत भरून घेतली.

धाडला पोचलो तेव्हा पहिली पंगत बसायची होती. मामा रस्त्यावरच उभा. मामीनं चाकांवर पाणी घातलं. मामानं गाडीला एक पूर्ण फेरी मारली, टायरला पायानं दाबून बघितलं.

"मंग? मले बसवत नाही का एक चक्कर?"

"बसवते," आई म्हणाली. "पयले सांग, कोनती मोटर उभी हाय दारात?"

मामा डोकं खाजवत हसला. "लय दिवस ठेवलं बाप्पा तुनं पोटात!" मग त्यानं आईला पुढच्या सीटवर बसवलं, स्वतः मागे बसला आणि आम्ही धाडच्या बाजारातून चक्कर मारून आलो. वरणबट्टी त्यानं स्वतःच्या हातानं वाढली, नको नको म्हणेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी परतताना मी पुन्हा त्या चकचकीत फरशीवर गेले. एअरबॅगच्या दिव्याची तक्रार लिहून दिली. तेवढीच, एक ओळ. मग पिशवी काउंटरवर ठेवली.

"हे काय मॅडम?"

"जुना पार्ट. तुम्ही तुमचे दाखवत नाही, म्हणून मी माझा आणला. कालच्या कागदाला जोडून ठेवा."

दिवा दुरुस्त करून गाडी बाहेर आणणारा कारागीर वयस्क होता. त्यानं पिशवीत डोकावून बघितलं आणि टायवाला लांब गेल्यावर हळूच म्हणाला, "मालूम हाय आमाले बी. पन गाडीवाल्यासंगं बोलूच देत नाहीत न ताई." त्या माणसाला मी नमस्कार केला. राग काचेवर आहे, त्याच्यावर नाही.

घाट उतरताना काटा जागचा हलला नाही. दिवेलागणीआधी घरी पोचलो. बाबांना आईनं सगळं सांगितलं, काही न झाकता. 

"मंग म्याच खराब केली का गाडी?"

"खराब नाही झाली बाबा. गुदमरली होती."

मी नाव लिहून दिलेला कंपनीचा तो कागद त्यांनी मागितला. चौथीपर्यंत शिकलेले आहेत, एकेक अक्षर जोडत वाचायला लागले, मग मलाच म्हणाले, "काय लिहिलं हाय?"

"गाडी माह्या जबाबदारीवर नेली म्हून लिहिलंय. काही झालं त त्यायच्याकडं बोट दाखवायचं नाही."

"मंग बरोबरच लिहिलं न," बाबा म्हणाले. "तुह्यी गाडी हाय. अजून कोनाच्या जबाबदारीवर राहीन?"

दुसऱ्या दिवशी पहाटे इंजिनाचा आवाज आला, पण शेडमधून नाही. मी दार उघडून बघितलं. बाबांनी दोन मजुरांना बोलावून गाडी ढकलत पार रस्त्यावर, मोकळ्या हवेत आणली होती, आणि बॉनेटवर हात ठेवून ते उभे होते.