ओल्यावर पाऊस

लातूरच्या शिकवणी वर्गात इंग्रजी शिकवून मंजुश्री दुपारी घरी येते, तेव्हा तिच्यात कुठलीच भाषा उरलेली नसते. तरी ती टेबलापाशी बसते. हैदराबादला शिकलेलं स्पॅनिश कित्येक वर्षं पडून होतं. यंदा दिल्लीच्या एका प्रकाशनानं तिच्याकडून एका स्पॅनिश कादंबरीचं पहिलं प्रकरण इंग्रजीत करून मागितलं. पसंत पडलं तर अख्खं पुस्तक तिचं.

प्रकरण परत आलं ते एका ओळीखाली लाल रेघ घेऊन. पुरात बुडालेल्या गावात एका बाईचा नवरा जातो, पाठोपाठ गाय जाते. लेखिका म्हणते, ओल्यावर पाऊस पडला. मंजुश्रीनं आपली मराठी म्हणच इंग्रजीत लिहिली होती, दुष्काळात तेरावा महिना. संपादकानं विचारलं होतं, या गावात दुष्काळ कुठून आला? महिनाभरात दुरुस्त करून पाठवा.

लिहिताना तिला काही खटकलंच नव्हतं. टँकरमागं घागर घेऊन पळण्यात लहानपण गेलेलं. पाऊस म्हणजे संकट, हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

आई, सिद्धम्मा, शेंगा फोडत बसली होती. मंजुश्रीनं तिला सगळं सांगितलं.

"दुष्काळ न्हाई त्यायला? मग रडतेत कशाला?"

"पाऊस लई झालाय तिथं, अव्वा."

"मग इकडं लावून द्या म्हनावं."

आणि तो आलाच. सप्टेंबरभर. मांजरा नदी पात्राबाहेर गेली. घराची मागची भिंत पाझरायला लागली, गादीला कुबट वास धरला. एका दुपारी जरा उघडलं म्हणून दोघींनी गादी अंगणात काढली. खाटेवर टाकेपर्यंत पुन्हा भुरभुर. ती आत ओढताना मंजुश्रीनं वर पाहिलं आणि तिला पावसाचा वीट आला. आपल्या गावात असं वाटणं शोभत नाही, हेही लगेच वाटून गेलं.

हात पुसून तिनं तेरावा महिना खोडला. लेखिकेचेच शब्द जसेच्या तसे इंग्रजीत ठेवले आणि प्रकरण पाठवून दिलं.

उत्तर आलं. पुस्तक तिचं. फक्त ती ओळ वाचकाला अडेल, म्हणून तिथं इंग्रजीतली नेहमीची म्हण घातली आहे, संकटं एकटी येत नाहीत अशा अर्थाची. चालेल ना?

मंजुश्रीनं आपली ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिनं लिहिलं, चालेल.

"काय म्हनले गं?"

"काम मिळालं, अव्वा."

"मग त्वांड असं का करायलीस?"

"गादी वाळली का बघते," म्हणत ती उठली. वाळली नव्हती. तिनं ती उलटी करून ठेवली.