रोहण्याच्या भिंतीवरचा फोटो

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, आणि वाचून झाले की बहुतेकांना मनातल्या मनात एखादं साधं कारण शोधून देते. वारा, उंदीर, ताप... नाहीतर सांगणाऱ्याची हौस. माझं शिक्षण वर्ध्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये झालं, पुढे बी.एस्सी. केलं. घरात देव होते, पण अंगात येणं, भारलेले लिंबू वगैरे आमच्याकडे कधी नव्हतं. त्यामुळे स्वतःचाच अनुभव लिहायला मला चार वर्षं लागली. मराठीत एवढं सलग पहिल्यांदाच लिहिते आहे, कुठे अडखळले तर सांभाळून घ्या. आणि हो, घाबरावं असं यात काही नाही. मलाही भीती वाटली नव्हती.

आम्ही बोरगाव मेघेला राहतो. बाबा आठवडाभर एका सरकारी कचेरीत असत आणि रविवारी फोटोग्राफर. त्यांच्याकडे दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून मान वाकवून पाहायचा जुना कॅमेरा होता. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेला. एका रोलमध्ये बारा फोटो निघत, म्हणून एका गोष्टीचा एकच फोटो, दुसरा नाही. गिरडच्या टेकडीवरून दिसणारी शेतं, बोर धरणाच्या पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा, धाम नदीच्या खडकावर बसून केस वाळवणारी आई, सायकल शिकताना भाऊ पडला तो नेमका क्षण... सगळं एकेकदाच.

फोटो काढून घ्यायला मला आवडत नसे. कुणी आपल्याकडे रोखून पाहिलं की माझी मान आपोआप वळते. म्हणून लहानपणीच मी कॅमेऱ्याच्या मागे, बाबांच्या उजव्या हाताला उभी राहायला शिकले. कॅमेऱ्याची चामडी पिशवी आणि भिंगांचं झाकण सांभाळायचं काम माझं. बाबांचा स्वतःचा फोटो मात्र आमच्याकडे जवळजवळ नाहीच. कचेरीच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत अर्धा चेहरा आहे, तेवढाच.

त्यांचा एक नियम होता. ज्याचा फोटो काढला, त्याला एक प्रत स्वतः नेऊन द्यायची. पोस्टाने नाही. "कोपरे दुमडतात," असं म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. फोटो हातात घेतल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते त्यांना पाहायचं असे.

चौऱ्याऐंशीच्या संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. वाटेत एस.टी.तच नवा रोल भरून आम्ही दोघं आर्वीकडच्या रोहण्याला गेलो होतो. संत्र्यांच्या बागा, कापसाच्या गाड्या असं काहीबाही काढून झालं. परतताना गावाच्या कडेला एका मातीच्या घरापुढे एक म्हातारबाबा बैलासाठी दावं वळत बसले होते. संध्याकाळचं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर. बाबा थांबले.

"एक फोटो काढू का, बाबाजी?"

"माया एकट्याचा नका काढू भाऊ," म्हातारबाबा म्हणाले. "एकट्याचा फोटो मेल्यावर लावतेत. हिच्यासंगं काढा."

आतून आवाज आला, "मले नाई पाह्यजे फोटो-बिटो. दात नाई तोंडात."

"तं तोंड मिटून ठेव. चाळीस वर्सात नाई जमलं तुले, आता एक मिनिट पाह्य जमते का."

आजी भांडायलाच बाहेर आल्या आणि दारातच हसू लागल्या. हसताना त्यांचा हात पदर घेऊन तोंडाकडे निघाला. बाबांची मान खाली वाकलेलीच होती.

मी हळूच म्हटलं, "बाबा, आपली सावली येतेय."

"येऊ दे. मी हललो तर आजी हसायच्या थांबतील."

खट्ट. एकच.

"कवा देता मंग?" म्हातारबाबांनी विचारलं.

"रोल संपला की मी स्वतः आणून देतो."

"नक्की येजा."

रोल संपला नाही. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांतच बाबांच्या छातीत कळ आली, कचेरीतच. घरी ते आलेच नाहीत. यावर जास्त लिहीत नाही.

दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी मी कॉलेजातून आले तर आई अंगणात उन्हात बसली होती. मांडीवर कॅमेरा, त्याचं मागचं झाकण उघडं. आतला रोल तिने सगळा उलगडला होता आणि दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरून पाहत होती. बाबा निगेटिव्ह तसेच धरून पाहायचे ना... ती तेच करत होती.

"यात काहीच दिसत नाही गं, शुभा," ती म्हणाली. "शेवटी काय काय काढलं होतं त्यांनी, बघावं म्हटलं."

माझा चेहरा पाहून तिला कळलं. न धुतलेला रोल उजेडात काढला की त्यातलं सगळं जातं, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सांगायची वेळ आली नव्हती. तरी मी तो रोल गुंडाळून स्टुडिओत नेला. तिथल्या काकांनी धुऊन पाहिला आणि ओली पट्टी माझ्यापुढे धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी.

"काहीच नाही निघणार, बेटा," ते म्हणाले. बाबांचे सगळे रोल त्यांच्याकडेच धुतले जात.

त्यानंतर आईने कॅमेरा साडीच्या तुकड्यात बांधून कपाटावर टाकला. आल्बमला हात लावीना. पोळ्या लाटता लाटता मध्येच थांबायची. "त्या म्हाताऱ्यांना शब्द दिला होता त्यांनी. मी पुसून टाकला." रोहण्याची गोष्ट मीच तिला सांगितली होती, फोटो काढला त्याच दिवशी, हसत हसत. आता वाटे, सांगितली नसती तर बरं झालं असतं. आम्ही दोघं भावंडं तिची समजूत घालायचो. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हळूहळू तिचं जेवण कमी झालं.

पुढची संक्रांत जवळ आली तेव्हा एक दिवस ती म्हणाली, "वर्षश्राद्धाच्या आधी रोहण्याला जाऊन येऊ. त्यांची माफी मागते. त्याशिवाय मला त्या पानावर बसवणार नाही."

आम्ही दोघी गेलो. घर मला लगेच सापडलं. आजी एकट्याच ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. कपाळ मोकळं होतं. म्हणजे आता त्यांच्याकडे म्हातारबाबांचं काहीच उरलं नव्हतं, आणि जे उरू शकलं असतं ते आमच्या अंगणात उन्हात गेलं होतं. आईनेही ते पाहिलं. तिने माझं मनगट धरलं.

आजींनी मला ओळखलं. "अवो, फोटोवाल्या भाऊची पोरगी ना तू? ये व पोरी. ह्या कोण, माय का तुई? या बाई, बसा."

आई बसली नाही. "बाई, ह्यांनी तुमचा दोघांचा फोटो काढला होता. तो देणार होते. पण माझ्या हातून..."

"भेटला न फोटो," आजी म्हणाल्या. "मस्त आला. पाहा न, आत लावला."

आम्ही आत गेलो. भिंतीतल्या देवळीच्या वर, काचेच्या चौकटीत तो होता.

मी जे पाहिलं तेवढंच सांगते. म्हातारबाबा दावं हातात धरून बसलेले. दारात आजी, हसताना, पदराचा हात तोंडापर्यंत पोचायचा आहे असा. आणि खाली, फोटोच्या कडेपासून त्यांच्या पायांपर्यंत, मातीवर दोन लांब सावल्या. एकीची दोन्ही कोपरं बाहेर आणि मान खाली वाकलेली. तिच्या उजवीकडची दुसरी बारीक, खांद्यावरून पिशवी लोंबत असलेली. ती माझी.

तो क्षण एकदाच टिपला गेला होता. मी तिथे उभी होते.

"हा तुम्हाला कुणी दिला, आजी?" मी विचारलं.

"कोण म्हंजे? तुया बाबानंच. मी नव्हतो घरी, वावरात गेलतो. पोळ्याच्या आधल्या दिवशी आलते. आमचे बुढे होते अथी, बैल धूत होते. मले सांगतलं त्यायनं, फोटोवाले भाऊ येऊन गेले म्हणे. मी म्हणलं, चहा तरी पाजला का? तं म्हणे, पानी पेले न गेले."

बाबांना जाऊन तेव्हा सहा महिने होऊन गेले होते.

आई खाली बसली. मी आजींना सांगितलं, जमेल तसं. बाबा कधी गेले, रोलचं काय झालं, सगळं. आजींनी वळून चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अन् बुढ्यायनं इचारलं होतं भाऊले, पोरगी नाई आली का संगं? तं म्हणे, घरी आहे मायजवळ, राहू द्या तिले तिथंच." आणि पुढे म्हणाल्या, "दिवाळी झाली न बुढेही गेले. आता कोनाले इचाराचं."

त्यांना भास झाला असेल, असं मी म्हणू पाहत होते. पण भास भिंतीवर लावता येत नाही.

मग माझ्यातली सायन्सची विद्यार्थिनी जागी झाली. स्टुडिओतून आलेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर शिक्का असतो. शिवाय बाबा पेन्सिलने गावाचं नाव आणि महिना लिहीत. मी आजींना विचारलं, मागची बाजू पाहता येईल का?

"आर्वीच्या बाजारात काच बसवून आनली यायनं," त्या म्हणाल्या. "त्यानं पुठ्ठ्यावर खळ लावून पक्का चिकटवला. पन पाहाचं असन तं पाहू. काढतो." त्यांनी चौकट उतरवली, पदराने पुसली आणि आईच्या मांडीवर ठेवली. मग चुलीजवळून विळा घेऊन आल्या. जरासुद्धा कां-कूं नाही. नवऱ्याचा एकुलता एक फोटो, आणि आम्ही कोण? एकदा पाहिलेली एक मुलगी आणि तिची आई.

मी आईकडे पाहिलं. ती फोटो पाहत होती, पण माणसं नाही, खालची सावली. काचेवरून बोट फिरवत ती त्या वाकलेल्या मानेपाशी थांबली.

"किती खाली घालायचे मान," ती हळूच म्हणाली. "दुखायची मग रात्री."

आजी विळ्याचं टोक चौकटीच्या खिळ्याशी नेत होत्या. आईने त्यांचा हात धरला.

"नको, बाई. खळीला चिकटलाय, फाटेल. मी एकदा उघडून पाहिलंय."

आजींना त्याचा अर्थ कळला असावा. त्यांनी विळा बाजूला ठेवला आणि दोघी तशाच बसून राहिल्या, चौकट मध्ये. मग आजींनी विचारलं, जेवून जाता ना? आणि आई जेवली. तुरीच्या दाण्यांची आमटी आणि भाकर, मागून वाढून घेऊन. वर्षभरात मी तिला तसं जेवताना पाहिलं नव्हतं.

वर्षश्राद्ध नीट झालं. रोलचं नाव आईने पुन्हा काढलं नाही.

भावाला सगळं सांगितलं तेव्हा त्याने कारणं शोधली, आणि ती सगळी मी आधीच शोधून ठेवली होती. दुसरा रोल असेल? नव्हता, रोहण्याच्या वाटेवर एस.टी.त तो माझ्यासमोर भरला गेला आणि पुढे कॅमेऱ्यातच होता. दुसऱ्या कुणी काढला असेल? मग माझी सावली त्यात कशी? स्टुडिओतल्या काकांनी दुसरी प्रत काढून दिली असेल? कशावरून काढणार, निगेटिव्ह तर काळी. म्हातारबाबांकडे कोण आलं, हे सांगायला कुणीच उरलेलं नाही. मला खरंच माहीत नाही. वाचकांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा, मी शांतपणे वाचेन.

भाऊ अजून म्हणतो, चौकट उघडली तर पाठीवर काय आहे ते दोन मिनिटांत कळेल. कळेलही. पण तो फोटो एकच आहे, आणि तो आजींचा आहे.