तिसरा पुकारा: कोल्हापुरात भाड्याच्या खोलीतील सहा दिवस

मी, रवळू यल्लाप्पा गावडे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, व्यवसाय सेवानिवृत्त न्यायालयीन शिपाई, राहणार तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर, लिहून देतो की पुढील प्रवास मी एकट्याने व स्वखुशीने केला. त्याविषयी मी एकदा तोंडी खोटे बोललो आहे. येथे लेखी देतो ते खरे आहे.

ब्लॉगची ही जागा मला माझ्या सुनेने उघडून दिली. ती व माझा मुलगा विलास पुण्यास असतात. पत्नी गेल्यापासून विलासचे एकच म्हणणे होते की, "आबा, तुम्हाला एकट्याने राहणे आता जमायचे नाही. घराला कुलूप लावा आणि इकडे या." अखेर आमच्यात असे ठरले की मी कोल्हापुरास जाऊन सहा दिवस एकट्याने राहून दाखवायचे. धडपणे परतलो तर गावच्या घराचा विषय कायमचा बंद. काही कमीजास्त झाले तर दिवाळीनंतर घराला कुलूप. ही अट मीच घातली होती. नोकरीत असताना फायली घेऊन मी कोल्हापुरास असंख्य वेळा गेलो, पण दुपारची गाडी पकडून परत येत असे. रंकाळ्याचे पाणी मी फक्त एस.टी.च्या खिडकीतून पाहिले होते.

पहिला दिवस. सकाळी सातची एस.टी. मिळाली. गडहिंग्लज, निपाणी, कागल असा मार्ग असून सुमारे चार तास लागतात. आमच्या तालुक्यातील वळणांवर ज्यांना मळमळते त्यांनी उजवीकडच्या पुढच्या बाकावर बसावे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना भाडे नाही, मात्र आधार कार्ड दाखवावे लागते. कंडक्टर पुढे निघून चालला तेव्हा मी तिकीट मागितले.

"आजोबा, तुमचं झीरो हाय."

"शून्य रुपयांचे असले तरी तिकीट मिळाले पाहिजे."

"देतोय की. फुकट जाणाऱ्यास्नीच घाई जास्त," असे म्हणून त्याने तिकीट फाडून दिले. आसपासचे लोक हसले. मी तिकीट घडी करून खिशात ठेवले.

स्टँडजवळच्या दोन लॉजमध्ये चौकशी केली. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच होता: "सोबत कोण?" मी एकटाच आहे म्हटल्यावर खोल्या शिल्लक नाहीत असे सांगण्यात आले. हे सर्व पाहत असलेले रिक्षाचालक सलीमभाई म्हणाले, "चला पावणं, आमच्या हौसाक्काकडं वरची खोली रिकामी हाय." गंगावेशीच्या बाजूस एका बोळात हौसाक्कांचे घर आहे. खाली चार म्हशी, वर एक खोली. पन्नाशीच्या बाई, आवाज खणखणीत. त्यांनी माझ्या आधार कार्डाची प्रत घेतली व मला पावणं म्हणून हाक मारली.

मी म्हणालो, "मी पाहुणा नव्हे, भाडेकरू आहे."

"बरं. भाड्यानं ऱ्हाणारं पावणं," त्या म्हणाल्या व धार काढावयास बसल्या.

खोली स्वच्छ होती. जिना उभा व अरुंद होता. आमच्या वयाच्या वाचकांनी शक्यतो तळमजल्याची खोली मागावी. मला हौसाक्कांनी खालचा सोपा सुचवला होता. मी नको म्हणालो.

दुसरा दिवस उत्तम गेला. पहाटे अंबाबाईचे दर्शन घेतले, त्या वेळी रांग लहान असते. परतताना दूधकट्ट्यावर, जिथे म्हशी आणून बांधतात, समोर पिळलेले, फेसाळ, कोमट दूध उभ्याने प्यालो. दुपारी तांबडा आणि पांढरा रस्सा घेतला. वाढप्याने वयाकडे पाहून तांबडा बेताने वाढला, म्हणून मी पुन्हा मागून घेतला. संध्याकाळी विलासला सर्व सांगितले. तो म्हणाला, "जपून, आबा." मी म्हणालो, "दोन दिवस संपले."

तिसऱ्या दिवशी खासबागेचे कुस्तीचे मैदान पाहिले. मैदान रिकामे होते. एक वृद्ध गृहस्थ पायरीवर बसून रिकाम्या हौद्याकडे, म्हणजे कुस्तीच्या तांबड्या मातीकडे, पाहत होते. मीही थोड्या अंतरावर बसलो. सायंकाळी रंकाळ्याच्या काठी भेळ घेतली आणि पुडी हातात असतानाच हुडहुडी भरली. भोवती कुटुंबे होती. प्रत्येक घोळक्यात कोणी ना कोणी कोणाला तरी नावाने हाक मारत होते. मी पुडी तशीच एका बाकावर ठेवली, रिक्षाने खोलीवर आलो, जिना भिंतीला धरून चढलो व आतून कडी लावली.

चौथ्या दिवशी सकाळी हौसाक्कांनी खालून विचारले, "ओ पावणं, च्या घेताय न्हवं?" मी सांगितले, "नको. मी ठीक आहे." अंगात एवढा ताप होता की डोळ्यांच्या पापण्यांनाही तो जाणवत होता. पाण्याची कळशी खाटेपासून चार पावलांवर होती. सकाळी एकदा मी तिथवर गेलो, त्यानंतर गेलो नाही. खाली दुधाची धार भांड्यात वाजे, थांबे, पुन्हा वाजे. भिंतीवरील दिनदर्शिका कोणत्या महिन्याची आहे हे मला वाचता येईना.

दुपारी विलासचा फोन आला.

"आबा, आज कुठं?"

"न्यू पॅलेस पाहत आहे."

"आवाज असा का येतोय?"

"इथे गर्दी आहे. पेंढा भरलेले वाघ आहेत. मोठे आहेत." हे वाघ मला एका वकीलसाहेबांनी वर्णन करून सांगितले होते.

"एखादा फोटो पाठवा की."

"आत छायाचित्रास मनाई आहे."

त्या संपूर्ण संभाषणात हे एवढेच वाक्य खरे होते, तेही ऐकीव. फोन बंद झाल्यावर मी वाघांचा विचार करीत पडून राहिलो. चार दिवस संपले, दोन राहिले, असा हिशेब मनात चालू होता. कोणास कळले नाही तर आजारपण झालेच नाही, असे मला त्या वेळी वाटत होते.

येथे माझ्या नोकरीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मी न्यायालयाच्या दारात उभा राहून पक्षकारांची नावे पुकारत असे. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, तीन वेळा. माझा आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जाई. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी आले नाही तर मी आत जाऊन "गैरहजर" एवढेच सांगत असे, आणि पुढचे कामकाज त्या माणसावाचून होई. टपरीवर बसून नाव ऐकूनही न उठणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना मी मूर्ख समजत असे.

पाचव्या दिवशी उन्हे वर आल्यावर दार वाजले.

"ओ पावणं!"

मी उत्तर दिले नाही. त्या निघून जातील असे वाटले. खरे म्हणजे उत्तर देण्याइतका घसाही ओला नव्हता.

"पावणं, उठलाय न्हवं? कालपास्नं खाली उतरला न्हाईसा." हा दुसरा.

त्यानंतर त्या खाली गेल्या. पावले जिन्यावरून उतरत गेलेली मी ऐकली. मला हवे होते तसेच घडले होते, आणि त्या क्षणी मला अत्यंत भीती वाटली. थोड्या वेळाने दोन माणसांची पावले वर आली. कागद उलगडल्याचा आवाज झाला. मग हौसाक्कांनी माझ्या आधार कार्डाच्या प्रतीवरून, अक्षरे जुळवत, मोठ्याने वाचले:

"रवळू... यल्लाप्पा... गावडे!"

माझे पूर्ण नाव याआधी निवृत्तीच्या समारंभात घेतले गेले होते. त्यानंतर मी कोणाचा आबा, कोणाचा आजोबा, कोणाचा पावणं होतो. मी म्हणालो, "हजर." तो आवाज माझा मलाही ऐकू आला नाही.

बाहेर सलीमभाई विचारत होते, "आक्का, मोडू का कडी?"

दुसऱ्याचे दार माझ्यामुळे मोडणे मला मान्य नव्हते. मी खाटेवरून उतरलो. चालता येत नव्हते, म्हणून बसून सरकत गेलो, दाराला धरून उभा राहिलो व कडी काढली.

"आजारी हाय म्हणून सांगायला जीभ झडली व्हती काय?" हौसाक्का म्हणाल्या. "माझ्या माडीवर मेला असतासा म्हंजे?"

"क्षमा असावी," मी म्हणालो.

"क्षमा ऱ्हाऊ दे. आधी पाणी प्या."

सलीमभाईंनी मला पाठीवर घेऊन जिना उतरवला. पाठीवर असताना मी त्यांना सांगितले की मला चालता येते. ते म्हणाले, "व्हय चाचा, तुम्हीच चाललाय. मी नुस्ता खाली हाय."

जवळच्या लहानशा दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासले. विषाणूचा ताप असून पाणी न प्याल्याने प्रकृती खालावली, असे सांगून त्यांनी सलाईन लावले. तेथील परिचारिकेने कागद भरताना तोच प्रश्न विचारला.

"सोबत कोण?"

"मी हाय की," हौसाक्का म्हणाल्या.

"नातं काय लिहू?"

"पावणं लिही."

परिचारिकेने 'पाहुणे' असे लिहिले. आमच्याकडे हा शब्द अनोळखी माणसालाही लावतात आणि सोयऱ्यालाही. तो मी दुरुस्त केला नाही.

सलाईन चालू असताना हौसाक्कांनी मुलाचा नंबर मागितला. कळवू नये, अशी मी विनंती केली.

"लेकाला न्हाय कळवायचं? मग आमी कोण लागून गेलो तुमचं?"

"आपण घरमालक."

"व्हय ना? मग मालकिणीचा हुकूम ऐका. घरी गेल्यावर पेज प्यायची आणि कडी लावायची न्हाय."

नंबर त्यांनी पुन्हा मागितला नाही. त्या दिवशी मी खालच्या सोप्यात, म्हशींच्या आवाजात झोपलो. येणारे-जाणारे विचारत, "हे कोण?" हौसाक्का सांगत, "आमचं पावणं."

सहाव्या दिवशी सलीमभाईंनी मला चंदगडच्या गाडीत पुढच्या बाकावर बसवले व कंडक्टरला बजावले. मी शून्य रुपयांचे तिकीट घेतले. सायंकाळी विलासचा फोन आला. तो म्हणाला, "जिंकलात, आबा. घराचा विषय बंद." मी "हो" म्हणालो.

त्याला आता तीन आठवडे झाले. घर माझे आहे, अंगण झाडलेले आहे, कुलूप लागणार नाही. पण हे मी ज्या साक्षीवर मिळवले ती खोटी आहे, आणि खोट्या साक्षीवर लागलेले निकाल मी दारात उभा राहून पुष्कळ पाहिले आहेत. जे माझ्यासारखे एकटे प्रवासास निघतील त्यांना रस्ता व जेवण यांविषयी वर सांगितलेच आहे. त्यात एवढेच जोडतो की खोलीची कडी आतून लावू नये. मीही हल्ली घरी लावत नाही.

विलास, न्यू पॅलेस मी अद्याप पाहिलेला नाही. आपली अट मी हरलो आहे. निकाल तू दे. मात्र निकालापूर्वी एकदा येऊन माझे म्हणणे ऐकून घे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे.

समक्ष हजर: हौसाक्का, घरमालकीण. सलीमभाई, रिक्षाचालक. डॉक्टरीणबाई व त्यांची परिचारिका. चार म्हशी, ज्यांची साक्ष ग्राह्य धरली जात नाही.

मुलगा विलास रवळू गावडे: गैरहजर. त्याचे नाव मी पुकारलेच नव्हते.