थांबाबाईंचा हात

दर सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर सहा टॅब येतात आणि सहाच्या सहा चिकट असतात. कुणावर केळ्याचा लगदा, कुणावर लाळ, कुणावर दुधाचे वाळलेले थेंब. एकदा तर असं काही होतं की ते काय आहे हे मी विचारलंच नाही. मी हातमोजे घालून पुसतो, म्हणून ऑफिसात मला 'डॉक्टर' म्हणतात. म्हणोत बापडे. पोराबाळांच्या ओल्या गोष्टींची मला पहिल्यापासून किळस, आणि नशीब असं की नोकरी लागली ती तान्ह्या मुलांच्या आईबापांना मदत करणाऱ्या संस्थेत. पण आता बावीस वर्षांच्या नोकरीनंतर सांगतो, लाळ पुसली जाते. ज्याची मला खरी शिसारी आली ते हातमोजे घालून पुसता येत नाही.

ते सांगायचं तर आधी थांबाबाईंबद्दल सांगायला हवं.

थांबाबाई आमच्याकडे घरोघर जाण्याचं काम करतात. वय पन्नाशीपुढचं, एक गुडघा कुरकुरणारा, खांद्यावर चेन तुटलेली पिशवी. इथं येण्याआधी त्या मोज्यांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. मोजा पंज्यावर चढवायचा, उजेडात धरायचा, सुटलेला टाका शोधायचा. "अठरा वर्षं चुका शोधल्या," त्या म्हणायच्या, "आता जरा बरं शोधते. डोळे तेच आहेत."

आमची पद्धत साधी आहे. आई, किंवा बाप, बाळाशी खेळताना पाच मिनिटांचा व्हिडिओ काढायचा. मी त्यातले चांगले क्षण कापून द्यायचे. पुढच्या आठवड्यात बाईंनी तेवढेच आईला दाखवायचे. चुका दाखवायच्या नाहीत, भाषण द्यायचं नाही. ऐकायला हे बावळटपणाचं वाटतं, मलाही वाटायचं. पण बाई मला बजावायच्या की हे कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. शेकडो घरांत करून पाहिलंय, केलेल्या आणि न केलेल्या घरांची तुलना केलीय, मग पुस्तिकेत लिहिलंय. पुस्तिका त्यांना पाठ होती. ऑफिसात कुणी "आमच्या आत्याच्या वेळी तर..." असं सुरू केलं की बाई विचारायच्या, "किती मुलं होती आत्याला? चार? मग चारच घरांत चालवा ते."

व्हिडिओ दाखवताना बाई मध्येच ओरडायच्या, "थांबा!" आणि बोटानं चित्र थांबवायच्या. त्यावरूनच नाव पडलं. एका कपडे धुण्याच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या आईच्या घरचा एक प्रसंग मला आठवतो. पाच महिन्यांची मुलगी, नवरा निघून गेलेला, आणि पोरगी अशी रडकी की विचारू नका. ती आई टॅबकडं बघायलाच तयार नव्हती. म्हणाली, "मला नाही जमत हे. मी वाईट आई आहे, तेच दिसणार त्यात."

"थांबा!" बाई म्हणाल्या. "हे बघा. तुम्ही शिंकलात. आणि शिंक आल्याबरोबर हिनं कुणाकडं बघितलं?"

"माझ्याकडं."

"एवढ्या मोठ्या जगात तुमच्याकडंच बघितलं."

"खोलीत आपण तिघीच तर होतो, बाई."

"मग मी काय खुर्ची होते का? मी पण होतेच की! माझ्याकडं नाही बघितलं."

त्यावर ती हसली. ते हसणंही टॅबवर आलंय, कारण फळीवरच्या दुसऱ्या टॅबचं चित्रण बंद करायला बाई नेहमी विसरायच्या. मी ते कापून वेगळं ठेवलं होतं. कशाला, ते माहीत नाही.

अकराव्या आठवड्यात शेजाऱ्यानं तक्रार केली. भिंतीपलीकडून सतत रडण्याचा आवाज येतो, आई मुलीला मारत असणार. तक्रार गेली मुलांच्या सुरक्षेच्या समितीकडं. मुलगी आईजवळ ठेवायची की काढून दुसरीकडं द्यायची, हे ठरवायचं समितीनं. तिनं आमच्याकडं अहवाल मागितला, आणि चित्रण असेल तर तेही.

आमचे साहेब म्हणजे भिंतीवर पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचं मोठं चित्र लावून त्याखाली बसणारा माणूस. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर त्यांचा फोटो आहे आणि खाली दोन परिच्छेदांची प्रस्तावना, जी मी लिहिली. भाषणात 'शास्त्रीय पुरावा' हा शब्द ते असा उच्चारतात, जसा काही तो त्यांच्या शेतात पिकतो. मागच्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेच्या यादीतलं मूल जखमी झालं होतं आणि तिथल्या साहेबांची खुर्ची गेली होती. तेव्हापासून आमच्या साहेबांनी धसका घेतला होता. त्यांनी मला आत बोलावलं.

"त्या इस्त्रीवालीचं काही आहे का? म्हणजे, ताबा सुटल्यासारखं?"

होतं. नवव्या आठवड्याचं. टॅब फळीवर उभा. मुलगी किंचाळतेय, थांबतच नाही. आई ओरडते, "गप! गप बस ना आता!" मग तिला कठड्याच्या पाळण्यात ठेवते, थोडी आपटल्यासारखीच, पाठ फिरवते, बाहेर जाते, दार ओढून घेते. पाळण्यात पोरगी तांबडीलाल.

"एवढं मुद्द्याचं काढ," साहेब म्हणाले. "तीस सेकंद पुरे. लपवलं असं उद्या कुणी म्हणायला नको. आपल्या अंगाशी यायला नको."

"पण साहेब, चित्रण फक्त त्यांना त्यांचं चांगलं दाखवायलाच वापरू, असं लिहून घेतलंय आपण."

"ते संमतीपत्र कुणी टाइप केलं?"

"मी."

"मग तुला माहीतच आहे, खाली बारीक अक्षरात काय अपवाद आहे."

मी गेलो आणि मोजून तीस सेकंद कापले. एकतिसाव्या सेकंदाला उजवीकडून एक हात चित्रात येतो. बोटांवर मोज्यांच्या कारखान्यातल्या सुयांचे जुने व्रण, मनगटाला साधं घड्याळ. तो हात पोरीच्या पोटावर अलगद टेकतो आणि तसाच राहतो. तो मी पाहिला. फाईल बंद केली आणि जेवायला गेलो. जेवलोही व्यवस्थित, याचीच आज जास्त घाण वाटते.

समितीपुढची तारीख सकाळी अकराची होती. लांबलचक टेबल, पाण्याचे जग, भिंतीवर पडदा. मध्यभागी अध्यक्षबाई, चष्मा दोरीला बांधलेला. समोर ती आई, धुतलेल्या कपड्यांत, मांडीवर पोरगी. त्या दिवशी कार्टी गाढ झोपली होती. थांबाबाईंना साक्षीला बोलावलं होतं, पण काय दाखवणार हे साहेबांनी त्यांना सांगितलं नव्हतं. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन.

तुकडा चालला. "गप बस ना आता!" हॉलभर घुमलं. दार लागलं. पडदा काळा. टेबलामागच्या एका सदस्यानं जीभ टाळूला लावून च्च च्च केलं. ती आई पडद्याकडं बघत नव्हती, थांबाबाईंकडं बघत होती. बाळ शिंक ऐकून बघतं तसं नव्हे. तुम्ही मला फसवलंत, असं.

"थांबा," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "पुढचं कुठंय?"

"एवढंच उपलब्ध आहे," साहेब म्हणाले. "सगळं साठवून ठेवत नाही आम्ही."

बाई माझ्याकडं वळल्या. "आहे ना हो तुमच्याकडं?"

"आहे," मी म्हणालो. शौर्याचं श्रेय मला नको. खोटं बोलायलाही थोडा वेळ लागतो आणि तेवढाही मला मिळाला नाही.

अध्यक्षबाईंनी लावा म्हटलं. मी लावलं. दार लागलं, आणि मग तो हात आला. पोरगी रडत राहिली, हात पोटावर राहिला. दाराबाहेरून आवाज यायला लागला. रडवेला, पण नीट: एकोणतीस, तीस, एकतीस. हॉलमधले सगळे तो ऐकत बसले. बहात्तरला आवाज स्थिर झाला. एकशे दहाच्या सुमाराला नळ सुरू झाल्याचं ऐकू आलं. दोनशेला दार उघडलं. आईचा चेहरा ओला, केस मागे सारलेले. तिनं पोरीला उचललं आणि म्हणाली, "आले बघ. मी आहे ना? आले." पोरगी हळूहळू शांत झाली. आणि चित्राबाहेरून थांबाबाई म्हणतात, "हे सगळ्यात अवघड होतं. हे तुम्ही केलंत."

"हे मी शिकवलंय त्यांना," बाई समितीला म्हणाल्या. "रडणं सहन होईना की बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवायचं, बाहेर जायचं, शांत व्हायचं, परत यायचं. हातात धरून राहिलं की माणूस हलवतं बाळाला. गदागदा हलवतं. त्यानं बाळं मरतात, बाई. हे माझं मत नाही, पुस्तिकेत आहे. पान चौदा."

अध्यक्षबाईंनी चष्मा चढवला आणि साहेबांकडं पाहिलं. "तुमचीच पुस्तिका ना? वाचून दाखवा."

साहेबांनी पुस्तिका उघडली. आधी ते प्रस्तावनेवर गेले, स्वतःच्या फोटोवर. मग अनुक्रमणिकेवर. मग पान चाळीसवर, जिथं दात येण्याबद्दल आहे. शेवटी त्या आईनं, जिचं पोर काढून घ्यायला आम्ही बसलो होतो, पोरीला एका हातावर घेऊन पुढं वाकून त्यांना पान काढून दिलं.

मुलगी तिच्याकडंच राहिली. बाहेरच्या व्हरांड्यात साहेब घाम पुसत मला म्हणाले, "बघितलंस? पद्धत सिद्ध झाली आपली. यावर एक मस्त यशोगाथा कर. आई, बाळ, हसरे चेहरे, तीन मिनिटं." मी पाणी पिऊन आलो.

यशोगाथा करायला तीन आठवड्यांनी मी थांबाबाईंबरोबर त्या घरी गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. तिसरा मजला, चिंचोळा जिना, आत दोन खोल्या, दोरीवर लंगोट. पोरगी रडत होती. आई तिला छातीशी आवळून येरझाऱ्या घालत होती.

"हे कोण?" तिनं विचारलं.

"ऑफिसातले. व्हिडिओ कापतात ते."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हं. हे का ते."

मी कॅमेरा उभा केला. त्याबरोबर ती हसायला लागली. पोरगी किंचाळतेय आणि ही कॅमेऱ्याकडं बघून हसतेय, दात दिसतील असं. येरझाऱ्या वाढल्या. पोरीच्या दंडावर तिची बोटं रुतली होती, आणि तिनं पकड बदलली तेव्हा तिथं चार तांबडे ठसे दिसले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "ठेवा तिला खाली. मी बसते जवळ. तुम्ही बाहेर जा."

"नाही." हसणं तसंच. "मी आता खाली ठेवतच नाही हिला. कध्धीच नाही. बघा ना, कशी धरलीय."

"अहो, दोनशेपर्यंत मोजा आणि या."

"ह्यांच्यासमोर?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी कॅमेरा बंद केला, दुमडला, पिशवीत घातला आणि बाहेर पडलो. पण गेलो कुठं, तर जिन्यात. अर्ध्या मजल्यावर थांबलो. वाटलं, मोजणं ऐकू यावं. तेवढं ऐकून जाऊ. स्वतःला बरं वाटायला, दुसरं काय.

बराच वेळ पोरीचं रडणं तेवढं येत होतं. मग दार उघडलं. ती बाहेर आली, रिकाम्या हातांनी, पाठ भिंतीला टेकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "एक. दोन." मग डोळे उघडले. कठड्यावरून खाली पाहिलं. तिला मी दिसलो.

ती उलट्या पावली आत गेली. दार लागलं.

मी उतरलो. फाटकातून बाहेर, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, जिथून तिच्या घराची खिडकीसुद्धा दिसत नाही. तिथं एका बंद दुकानाच्या पायरीवर पाऊण तास बसलो. थांबाबाई लंगडत आल्या आणि शेजारी बसल्या. टॅब माझ्या हातात दिला. चिकट होता. हातमोजे ऑफिसातच राहिले होते. मी तो तसाच धरून बसलो.

"परत आली का बाहेर?" मी विचारलं.

"आली. तुम्ही गेलात हे मी खिडकीतून दाखवलं, तेव्हा आली."

"मोजलं?"

"मोजलं." बाई गुडघा चोळत होत्या. "तिसापर्यंत. मग धावत आत आली आणि उचललं तिला."