मुकी काळी चार

ऑर्गन आला आणि मंदाताईंच्या घरातली कॉट गॅलरीत गेली. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. डोंबिवली पश्चिमेच्या आमच्या चाळीत माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत मंदाताई आणि त्यांचे यजमान उत्तमराव राहायचे. मंदाताई वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टेपरेकॉर्डरच्या सर्किटांवर सोल्डरिंग करायच्या. उत्तमराव एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत. ऑर्गन होता मंदाताईंच्या वडिलांचा.

मंदाताईंचं माहेर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा त्यांचे वडील नाथा नाखवा होडी विकून ऑर्केस्ट्रात शिरले. वांद्र्याचा एक वादक देश सोडून निघाला होता, त्याच्याकडून त्यांनी हा इटालियन ऑर्गन घेतला. पत्र्याची लाल पेटी, वर पट्ट्या, खाली चार नळ्यांचे पाय. दहा-बारा वर्षं कोळीवाड्यातली एक हळद त्याच्याशिवाय झाली नाही. मग छोटे जपानी कीबोर्ड आले आणि लाल पेटी माळ्यावर गेली. नाथाकाका वारल्यावर मंदाताईंचा धाकटा भाऊ गणू म्हणाला, "ताय, यो आता भंगारात घालूया. माझा कीबोर्ड ठेवायला जागा नाय घरात." गणूही ऑर्केस्ट्रातच वाजवायचा. मंदाताईंनी त्याच आठवड्यात टेम्पो आणला.

बटण दाबलं तर ऑर्गन चक्क बोलला. फक्त एक सूर मुका होता. वादक मंडळी पट्ट्यांना काळी एक, काळी दोन, पांढरी एक असं म्हणतात. त्यातली काळी चार कुठल्याच सप्तकात वाजत नव्हती.

"एकच तर आहे," उत्तमराव म्हणाले. "आठवड्यात होईल."

कल्याणच्या एका टीव्ही मेकॅनिककडे पेटी गेली आणि पावसाळा संपेपर्यंत तिथेच राहिली. मंदाताई कामावरून परस्पर कल्याणला जायच्या आणि तो सांगायचा, "पार्ट मिळत नाही, पुढच्या सोमवारी बघू." शेवटी त्यांनी ऑर्गन परत आणला. लावून बघतात तर आता काळी चारसोबत शेजारची पांढरी पाचही गेलेली. वर सगळ्या आवाजात एक घरघर.

मंदाताईंनी झाकण उघडलं. आत बारा सर्किटं एका ओळीत उभी होती, एका सुराला एक. दोन सर्किटांवर ताजं सोल्डरिंग चमकत होतं. मेकॅनिकने चांगल्या सर्किटातले ट्रान्झिस्टर काढून बिघडलेल्यात लावून पाहिले होते, ते जाळले, आणि रिकाम्या जागी भलत्याच जातीचे नवे बसवून दिले होते. मंदाताई तशाच कल्याणला गेल्या.

"बाई, जुना माल आहे," तो म्हणाला. "तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

"मी रोज सोल्डरिंगच करते."

"मग करा की घरी."

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असं उत्तमरावांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मंदाताईंना राग त्या माणसाचा आला होताच, पण जास्त स्वतःचा. इतकी वर्षं सोल्डरिंग करून त्यांना एवढंच माहीत होतं की कुठला भाग कुठल्या भोकात बसतो. तो तिथे काय करतो, हे कारखान्यात कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

पण त्यांना एक गोष्ट दिसली. बारा सर्किटं जवळजवळ सारखी होती. म्हणजे एक चालतं सर्किट घ्यायचं, एक बंद घ्यायचं, आणि दोन्हींवर त्याच जागी मीटर लावून बघायचं. आकडा वेगळा आला की तिथे गडबड. त्यांनी कारखान्यातल्या सुपरवायझरकडून मीटर मागून आणला आणि रविवार-रविवार त्या पेटीसमोर बसू लागल्या. भात करपायचा. पाहुणे आले की त्यांना पेटी ओलांडून आत जावं लागायचं. उत्तमराव गॅलरीतल्या कॉटवर पेपर वाचत बसायचे आणि अधूनमधून विचारायचे, "मंदा, झालं का गं?" हा प्रश्न बंद करा, असं मंदाताईंनी त्यांना एकदा स्पष्ट सांगितलं.

मेलेले ट्रान्झिस्टर सापडले, पण त्या जातीचे कुठे मिळेनात. लॅमिंग्टन रोडला दुकानदार म्हणाले, बाई, ते कधीच बंद झाले. मग कारखान्यातल्या एकीने सुचवलं की जुन्या रेडिओत तसेच असतात. मंदाताईंनी चाळीत बंद रेडिओ मागायला सुरुवात केली. लोकांनी हौसेने आणून दिले, कारण सगळ्यांचा समज झाला की मंदाताई रेडिओ दुरुस्त करतात. तळमजल्याच्या रंगूबाई तर रोज जिन्यात गाठायच्या.

"माझा रेडिओ झाला का?"

"रंगूबाई, मी तुम्हाला सांगितलं होतं, मला त्यातले भाग हवेत."

"भाग घ्या ना, पण वाजायला तर पाहिजे."

शेवटी मंदाताईंनी एक चालू रेडिओ विकत आणून रंगूबाईंना दिला. त्यावर त्या म्हणाल्या, जुन्याचा आवाज गोड होता.

एक्याण्णवच्या सुमाराला काळी चार वाजली. मागोमाग पांढरी पाचही. मी तेव्हा तिथेच होतो. मंदाताई हसल्या नाहीत. कपाळाला आठी घालून त्यांनी सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या. "वाजतंय सगळं," त्या म्हणाल्या, "पण एकाचं दुसऱ्याशी जमत नाहीये." प्रत्येक सुरासाठी आत तारेच्या कॉइलमध्ये खडूच्या तुकड्याएवढा आणि तितकाच ठिसूळ काळा स्क्रू होता. तो फिरवून सूर लावायचा. त्यांनी लोखंडी पेचकस घातला आणि पांढरी दोनचा स्क्रू आतल्या आत तडकला. त्या कॉइलसारखी कॉइल जगात कुठे मिळणार होती? त्यांनी पेचकस खाली ठेवला आणि त्यानंतर महिनाभर पेटीकडे पाहिलं नाही.

मुळात त्यांना सूर लावता येत नव्हता, वाजवताही येत नव्हतं. वडिलांनी शिकवलं ते गणूला. शेवटी नाइलाजाने त्यांनी गणूलाच बोलावलं. तो आपला कीबोर्ड काखेत मारून आला, एकेक सूर जुळवत दिवसभर बसला. पांढरी दोन मात्र जरा उतरलेलीच राहिली. मग त्याने ऑर्गनवर दोन्ही हात ठेवले. तो जाड, भरलेला आवाज जिन्यापर्यंत गेला आणि माणसं दारात येऊन उभी राहिली.

"ताय, यो मला दे," गणू म्हणाला. "इथे कोण वाजवणार याला?"

"भंगारात घालत होतास ना?"

"तेव्हा बंद होता."

मंदाताईंनी ऑर्गन नेऊ दिला, एका कार्यक्रमापुरता. कोळीवाड्यातला साखरपुडा होता, दुपारचा, अंगणात मांडव घालून. मंदाताई नवी साडी नेसून पुढच्या खुर्चीवर बसल्या. दुसऱ्या गाण्यात ऑर्गन खरखरला आणि गप्प झाला. गणूने मान वळवली, बाजूचा कीबोर्ड ओढला आणि गाणं पुढे चालू ठेवलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मंदाताईंनी पर्समधून पेचकस काढला आणि मांडवामागे नेऊन ठेवलेल्या पेटीचं झाकण उघडलं. पट्ट्यांखालच्या जुन्या, गंजक्या तारांना खाडीची दमट हवा बाधली होती. मंदाताई साडीच्या पदराने एकेक तार पुसत बसल्या. पलीकडे नाच रंगला होता. त्यांच्या आई शेवंतीबाई सरबताचा पेला घेऊन आल्या.

"एवढी वर्षं घालवली, आये. बाबांचा होता तसा करायचा होता."

"कसा होता?" शेवंतीबाई खाली बसल्या. "यो कवा धड वाजला गो? तुजा बापूस अर्धा कार्यक्रम वाजवायचा न अर्धा कार्यक्रम झाकन उघडून बसायचा. घरी येऊन मलाच बोलायचा."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू इचारलास कवा?"

मंदाताई पुन्हा तारा पुसू लागल्या. साखरपुडा आटोपून लोक जेवायला बसले तेव्हा ऑर्गन सुरू झाला. मांडवामागे ऐकायला ये-जा करणारे वाढपी तेवढे होते.

गणूने पुन्हा मागितला नाही आणि त्यांनीही दिला नसता. पेटी डोंबिवलीला परत आली. शहाण्णवला मंदाताईंचा कारखाना बंद पडला, तेव्हा गणूच्याच ओळखीने ऑर्केस्ट्रावाल्यांचे बिघडलेले कीबोर्ड त्यांच्याकडे येऊ लागले. आधी ठाण्याचे, मग कल्याण-टिटवाळ्याचे. त्यावर घर चाललं. बरेचसे कीबोर्ड एका बैठकीत दुरुस्त व्हायचे आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. ऑर्गनचं मात्र दर पावसाळ्यात काहीतरी निघायचं. मग भिंतीपलीकडून मला मंदाताईंचा आवाज ऐकू यायचा, पेटीला उद्देशून बोलताना, आणि ते बोलणं काही इथे लिहिण्यासारखं नसायचं.