भोकाभोवतीच्या रेषा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला निम्मं माहीत आहे — आणि ते निम्मंच खोटं आहे.

मामा गेले, त्याला चार महिने झाले. दौंडला, स्वतःच्या घरात, झोपेत. मी शिरूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. तिथं अजूनही कुणी ना कुणी विचारतं, सावरलात का? मी मान हलवतो. दुःख खोटं नाही, हे आधीच सांगतो. पण ते नेमकं कशाचं आहे, हे कुणी विचारत नाही — आणि मला ते बरं वाटतं.

तुम्ही कधी गाण्यांची जुनी तबकडी, म्हणजे रेकॉर्ड, ऑनलाइन विकत घेतली आहे का? घेतली असेल तर तुम्हाला माहीत असेल, विकणारे ज्याला ‘व्हेरी गुड’ म्हणतात ती कशीबशी वाजते, आणि ‘मिंट’ म्हणजे त्यांनी नुकतीच ओल्या फडक्यानं पुसलेली असते. मला हे मामांनी शिकवलं. त्यांच्याकडे साधा फोन, बटणांचा. पण विकणाऱ्याला काय विचारायचं ते त्यांना पाठ होतं. फोटो फ्लॅशचा नको, खिडकीतल्या तिरप्या उन्हातला हवा. तबकडी काचेवर ठेवून कडेनं व्हिडिओ हवा, म्हणजे वाकली असेल तर दिसते. पाठवताना दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये पाठवायची. आणि सगळ्यात शेवटी — भोकाचा फोटो, जवळून.

“भोकाभवतीच्या रेघा बघ,” मामा म्हणायचे. प्लेअरच्या खुंटीवर तबकडी ठेवताना ज्याचा नेम चुकतो, तो ती सरकवत सरकवत भोक शोधतो. दर वेळी लेबलावर केसाएवढी एक रेष उठते. “किती येळा वाजली, कसल्या हातानं वाजली, समदं तिथं लिवलेलं असतं. माणूस खोटं बोलंल, भोक न्हाई बोलत.”

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर दर रविवारी त्यांच्या पुढच्या खोलीत चार-पाच जण जमायचे, सगळे रेल्वेतलेच. चहा व्हायचा, मग तबकड्या. मीही जायचो — शिरूरहून न्हावरा, चौफुला, तिथून दौंड, दोन गाड्या बदलून. ऐकायला मी तिथंच शिकलो. हेही खरं आहे.

आणि हेही खरं आहे — एका रविवारी मी स्वतः शोधून मागवलेली पहिली तबकडी घेऊन गेलो. सनईची. दोन महिने शोधत होतो. मामांनी ती तिरपी धरली, लावली, अर्धं मिनिट ऐकली आणि सुई उचलली.

“भाचेबुवा, तुमी पुस्तकंच वाचा,” ते म्हणाले. “हिच्यावर भाकरी भाजा.”

सगळे हसले. मीही हसलो. पुढं कित्येक वर्षं मी दारात दिसलो की कुणीतरी विचारायचं, “या भाचेबुवा, भाकरी आणली का?” एवढंच. याहून मोठं काही वाईट त्यांनी माझं कधी केलं नाही. मी खूप आठवून पाहिलं आहे. सापडत नाही.

आता मामींबद्दल. मामी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. तरुणपणी त्या वस्तीतल्या भीमगीतांच्या पथकात गायच्या, आणि त्या पथकाची एक छोटी तबकडी निघाली होती, पुण्यातल्या कुठल्याशा लहान कंपनीची. चार गाणी. लेबलावर मुख्य गायकाचं नाव आणि खाली ‘आणि साथी’. मामी त्या साथींमधल्या. पण दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला कोरस थांबतो आणि एक ओळ एकटी बाई म्हणते. त्या मामी. मामींचा आवाज जगात फक्त तेवढ्या एका ओळीत होता. टेप नाही, व्हिडिओ नाही, काही नाही.

रेल्वेचं क्वार्टर सोडलं तेव्हा मे महिना होता. तबकड्यांची ट्रंक टेम्पोत उघड्यावर राहिली, दुपारभर. बाकीच्या कशाबशा वाचल्या, मामींची ती पापडासारखी वळली, फेकूनच द्यावी लागली. मामा स्वतः सामान लावत होते — दुसऱ्या कुणाला बोल लावायचीही सोय नव्हती.

पुढं बऱ्याच वर्षांनी, रविवारच्या बैठका बंद पडल्यावर, त्यांनी मला सांगितलं, ती शोध. तुझ्या फोनमध्ये समदं गावतं म्हणत्यात. उजवा कान गेला होता; दौंडच्या डॉक्टरनं डाव्याचंही काही खरं नाही म्हणून सांगितलं होतं. दर रविवारी दहाला त्यांचा फोन यायचा. इकडचं-तिकडचं काही नाही. “गावली का?” “नाही मामा.” “बरं.”

मी शोधली. मनापासून शोधली, हे मला सांगू द्या — दीड वर्ष, जुन्या तबकड्यांच्या प्रत्येक ग्रुपवर, भंगारवाल्यांच्या पोरांपासून मोठ्या संग्राहकांपर्यंत. आणि नांदेडकडच्या एका माणसाकडे ती सापडली. मी त्याला तिरप्या उन्हातला फोटो मागितला, काचेवरचा व्हिडिओ मागितला, भोकाचा फोटो दोनदा मागितला. तो वैतागला. सर, रेकॉर्ड घ्यायची आहे का मुलगी बघायची आहे, असं त्यानं लिहिलं. पार्सल शिरूरला आलं, दिवाळीच्या सुट्टीत. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, मामा सांगायचे तसं. भोकाभोवती एकही रेष नव्हती. ती तबकडी कुणी कधी वाजवलीच नव्हती.

पुढचा रविवार आला. फोन वाजला.

“गावली का?”

मी काय ठरवलं होतं? सांगणार होतो, असं मला वाटतं. पण त्या ‘गावली का’मध्ये पहिल्यांदाच काहीतरी होतं — विनवणी म्हणा. मामा, माझ्याकडे. आणि ते मला गोड लागलं. दुसरा शब्द नाही. मी म्हणालो, नाही मामा.

एक रविवार, असं म्हटलं होतं स्वतःशी. मग आणखी एक. असे चौदा महिने गेले. कपाटात, जाड शब्दकोशांच्या मागे ती उभी होती, आणि मी इथून ‘नाही’ म्हणत होतो. डावा कान उतरत चालल्याचं मला फोनवरच कळत होतं. आधी मी एकदा म्हणायचो, मग दोनदा, मग ओरडून — नाही, मामा. नाही. बायको आतून म्हणायची, किती जीव टाकता हो त्या तबकडीसाठी.

एकदा मी वेगळं बोललो. सापडली होती, म्हणालो, पण खराब निघाली. दुसरी बाजू पार गेलेली, शेवटचं गाणं तर वाजतच नाही. ही बाजू मी मुद्दाम निवडली. तुम्हाला कळतंय ना, मी काय सांगतोय? मुद्दाम.

मग मामा म्हणाले, “खराब असू दे. वाजली न्हाई तरी चालंल. निस्ती आण. हातात धरीन.”

“मामा, तुम्हीच म्हणायचात ना,” मी सावकाश, प्रत्येक शब्द त्यांना ऐकू जाईल असा म्हणालो, “हिच्यावर भाकरी भाजा. मी परत पाठवली.”

“व्हय,” ते म्हणाले. “म्हनलो व्हतो मी.”

त्यानंतर रविवारचे फोन थांबले. ऐकू येत नाही म्हणून, असं त्यांची मुलगी सुनंदा म्हणाली. मी दौंडला गेलो तेव्हा ते प्लेअरसमोर खुर्ची टाकून बसलेले असायचे, प्लेअर बंद. माझ्याकडे बघून हसायचे. विचारलं काहीच नाही. तेव्हा तरी तबकडी नेऊन त्यांच्या हातात द्यायला काय हरकत होती? हातात धरीन, एवढंच तर ते म्हणाले होते. कान लागत नव्हता त्याला. पण ती न वाजवलेली, अशी लखलखीत — मामांनी नुसतं भोकावरून बोट फिरवलं असतं आणि त्यांना माझं खोटं कळलं असतं. मी नेली नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मामांना आदरांजली वाहायला सगळे जमले तेव्हा, मला दोन शब्द बोलायला लावलं. मी बोललो, चांगलं बोललो. मामींच्या तबकडीसाठी आम्ही दोघांनी किती शोध घेतला, तेही सांगितलं. ‘आम्ही दोघांनी’. लोकांनी डोळे पुसले. नंतर सुनंदानं मला आत बोलावलं. प्लेअर फडक्यात बांधून ठेवला होता.

“दादा, ह्यो तुमी न्यायचा हाय,” ती म्हणाली. “जायच्या आधी म्हनले, भाचेबुवांना द्या. त्यांना आता समजतंय तबकडीतलं.”

मी तो घेऊन आलो. चौफुल्याला गाडी बदलल्यावर तो मांडीवर धरून बसलो होतो; एका माणसानं जागा दिली.

प्लेअर आता माझ्या टेबलावर आहे. तबकडी कपाटात आहे. दोन्हींमध्ये चार पावलांचं अंतर आहे. मी अधूनमधून ती बाहेर काढतो, खिडकीतल्या उन्हात तिरपी धरतो, भोकाभोवती बघतो, आणि परत ठेवतो.

एकही रेष नाही.