पाच अक्षरी शब्द

उदारीकरण आलं, आमच्या कारखान्याला परदेशी गिऱ्हाईक मिळालं, आणि इतकी वर्षं फक्त हातापायांसाठी ठेवलेल्या आम्हा कामगारांना डोकीही आहेत, असा शोध साहेबांना लागला. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या आवाजाचा माणसांच्या मेंदूवर काही परिणाम होतो का, असं गिऱ्हाइकाने विचारलं होतं म्हणे.

मला विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं. बिबवेवाडीत आमच्या घरी पेपरातलं शब्दकोडं मी सोडवायचो. गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, चहा संपायच्या आत. बाकीच्या दिवशी पेन्सिल हातात आणि डोक्यात नुसती धाडधाड. साधे शब्द आठवायचे नाहीत. तेही एक वेळ चाललं असतं. पण दोनदा माझा डावा हात साच्यात असतानाच पाय पेडलवर गेला होता. बोटं वाचली ती नशिबाने. मला भीती वाटायची, म्हणून मी स्टोअरमध्ये बदलीचा अर्ज केला होता.

"तपासणीत काय निघतंय बघू," साहेब म्हणाले.

तपासणीचं यंत्र आलं. डोक्याला तारा लावल्या की मेंदूच्या रेघा कागदावर उमटायच्या. प्रेसशेजारी मात्र रेघांचा पार गिचमिडकाला झाला. यंत्रवाले म्हणाले, "एवढ्या दणदणाटात हे चालत नाही हो, नाजूक आहे." मग आमची वरात कॉम्प्युटरच्या केबिनमध्ये. तिथे दुहेरी काच आणि एसी. कॉम्प्युटर नाजूक, यंत्र नाजूक. दणकट काय ती आमची डोकी.

मी खुर्चीत बसलो. इतकं शांत की स्वतःचा श्वास ऐकू येत होता. काचेपलीकडे साहेब प्रसन्न चेहऱ्याने उभे होते. 'लाज सोडलेला, पाच अक्षरी' हे सोमवारपासून अडलं होतं. त्यांच्याकडे बघता बघता सुचलं.

अहवाल आला: मेंदू उत्तम. अर्ज नामंजूर.

हे सांगायला साहेब स्वतः प्रेसपाशी आले, अर्थात जेवणाच्या सुट्टीत, सगळं बंद असताना. "अहो, काय सुरेख रेघा आल्यात तुमच्या! कसला विचार करत होतात?"

"कोड्यातला एक शब्द अडला होता, साहेब. तिथे सुचला."

"अरे वा! कोणता?"

तेवढ्यात सुट्टी संपली आणि सगळे प्रेस एकदम सुरू झाले. मी छाती भरून, त्यांच्या तोंडावर ओरडलो, "निगरगट्ट!"

त्यांना काही ऐकू गेलं नाही. त्यांनी हसून मान डोलावली, माझी पाठ थोपटली आणि ते काचेआड गेले. डावा हात बाहेर आहे ना, हे मी दोनदा पाहिलं आणि पेडल दाबलं.